अनुशेष म्हणजेच बॅकलॉग: कोरड्या मराठवाड्याच्या बजेटचा क्रम काय असावा?

आजचा भाग बजेटवर आहे. थांबा, लगेच पुढचा भाग लावू नका! इन्कम टॅक्सचे स्लॅब आणि शेअर बाजार आज नाही. आजचा प्रश्न आपल्या घरचा आहे. मराठवाड्यासारख्या कोरड्या भागाचा विकास लवकर व्हायचा असेल, तर सरकारी पैसा आधी कुठे लागला पाहिजे आणि नंतर कुठे?

मी अर्थतज्ज्ञ नाही. बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. घर नांदेडचं, आजोळ लातूर जिल्ह्यातलं. त्यामुळे महसूल आयुक्तालय नांदेडला व्हावं की लातूरला, या २००९ पासून चाललेल्या भांडणात मला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. पण या दोन्ही शहरांचं दुखणं एकच आहे असं मला वाटतं, आणि ते कोणत्याही एका ऑफिसच्या पाटीनं बरं होणारं नाही.

एकच शब्द, दोन ठिकाणी

आमच्या कामात रोज एक शब्द येतो: बॅकलॉग. करायच्या राहिलेल्या कामांची यादी. दर दोन आठवड्यांनी टीम बसते आणि यादीतलं कोणतं काम वर घ्यायचं, कोणतं खाली ढकलायचं ते ठरवते. मराठवाड्यात वाढलेल्या पोराच्या कानावर लहानपणापासून पडणारा शब्द म्हणजे अनुशेष. इंग्रजी सरकारी कागदांत अनुशेषाला बॅकलॉगच म्हणतात. शब्द एक, पण वागणूक वेगळी. ती कशी, ते सांगतो.

१९८३ मध्ये राज्य सरकारनं अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९८४ मध्ये अहवाल आला. सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे, हे समितीनं मोजलं. मग ती दरी भरायला किती पैसा लागेल ते काढलं. सगळ्या राज्याचा मिळून अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यातला मराठवाड्याचा ७५० कोटी ८५ लाख.

पुढे राज्यघटनेच्या ३७१(२) कलमाखाली १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं आली. मग निर्देशांक व अनुशेष समितीनं १९९४ ची स्थिती धरून नव्यानं मोजमाप केलं. राज्याचा आकडा झाला १४,००६ कोटी ७७ लाख. मराठवाड्याचा ४,००४ कोटी ५५ लाख.

म्हणजे दहा वर्षांत पाचपटीहून जास्त. मधल्या काळात काहीच खर्च झाला नाही असं नाही. पण सिमेंट, लोखंड, मजुरी सगळं महागलं. आणि दुसरं असं की, मोजपट्टी राज्याच्या सरासरीची होती. तुम्ही दोन पावलं टाकली आणि पुणे, नाशिक पाच पावलं पुढे गेले, तर अंतर वाढणारच. २०११ मध्ये विजय केळकर समिती नेमली, २०१३ मध्ये तिचा अहवाल आला, त्यातही पाण्यावर भरपूर चर्चा झाली. एप्रिल २०२० मध्ये विकास मंडळांची मुदतच संपली.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. बॅकलॉगमध्ये पाचशे कामं असणं हा काही गुन्हा नाही. पण पाचशेच्या पाचशे कामं एकदम सुरू करून ठेवली, तर एकही पूर्ण होत नाही. म्हणून चांगली टीम एक नियम पाळते: हातातलं संपल्याशिवाय नवं उघडायचं नाही. मराठवाड्याच्या बजेटमध्ये नेमका हाच नियम नाही. प्राधान्य म्हणजे आपल्याकडे यादी वाचून दाखवतात. पाणी हवं, रस्ते हवेत, रेल्वे हवी, उद्योग हवेत, विमानतळ हवं. सगळं हवंच आहे हो. प्रश्न आहे की आधी काय?

रेल्वेनं आलेलं पाणी

क्रम ठरवण्याआधी एक हिशेब करू. कागद-पेन असेल तर घ्या.

एप्रिल २०१६. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. जलदूत. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. पहिली गाडी १२ एप्रिलला पोचली, दहा वाघिणी, प्रत्येकीत ५० हजार लिटर, म्हणजे ५ लाख लिटर. नंतर ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. पाणवठ्यांवर गर्दी होऊन भांडणं होऊ नयेत म्हणून त्याआधी मार्चमध्ये शहरात जमावबंदी लावली होती. ऑगस्टपर्यंत शंभराहून जास्त फेऱ्या झाल्या आणि साधारण २५ कोटी लिटर पाणी आलं.

२५ कोटी लिटर ऐकायला केवढं मोठं वाटतं! आता बघा. धरणाचं पाणी दलघमीत मोजतात, दशलक्ष घनमीटर. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. म्हणजे चार महिन्यांत रेल्वेनं आणलेलं सगळं पाणी झालं पाव दलघमी. लातूरला पाणी देणारं मांजरा धरण बीड जिल्ह्यात केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. त्याचा उपयुक्त साठा साधारण १७७ दलघमी. त्या साठ्याच्या एक टक्काही हे पाणी नव्हतं.

पुढे चला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या होती ३ लाख ८३ हजार. चार लाख धरा. माणशी रोज १३५ लिटर धरलं तर शहराला रोज ५ कोटी ४० लाख लिटर लागतं. वर्षाचं झालं जवळपास २० दलघमी. भरलेल्या मांजरा धरणाचा नववा हिस्सा. अंबाजोगाई, केज, कळंब आणि एमआयडीसीचं पाणी यात मिळवा, बाष्पीभवन मिळवा, तरी एकदा भरलेलं धरण पिण्यासाठी एकापेक्षा जास्त वर्षं पुरायला हरकत नव्हती.

मग गेलं कुठे? पाऊस कमी पडला, २०१४ आणि २०१५ लागोपाठ दुष्काळाची वर्षं, हे खरंच आहे. पण उसाचा हिशेबही करा. पाटानं पाणी दिलं तर हेक्टरभर उसाला २० ते २५ हजार घनमीटर पाणी लागतं. पाव दलघमी म्हणजे अडीच लाख घनमीटर. भागाकार करा. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलेल्या त्या गाडीनं चार महिन्यांत जेवढं पाणी आणलं, ते दहा-बारा हेक्टर उसाचं पाणी होतं. पंचवीस-तीस एकर. आमच्या आजोळच्या गावात एकाच बाजूच्या शिवारात तेवढा ऊस दिसतो.

हा हिशेब मी कुणाला आरोपी करण्यासाठी मांडत नाही. उसाकडे पुढे येतोच. सांगायचं एवढंच की, सगळ्यात महाग पैसा हा संकट आल्यावर खर्च होणारा पैसा असतो. टँकर, विहीर अधिग्रहण, चारा छावण्या, रेल्वे. तो खर्च होतो आणि पुढच्या वर्षासाठी मागे काहीच उरत नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जी फारशी कुणी बोलत नाही. मिरज ते लातूर या मार्गावर एकेकाळी बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी धावायची. ती लाइन आधीच ब्रॉडगेज झाली होती, म्हणून २०१६ ला पाण्याच्या वाघिणी थेट लातूरला येऊ शकल्या. रूळ बदलताना कुणी पाण्याच्या गाडीचा विचार केला नसेल. पण पूर्ण झालेलं काम असं अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडतं. अर्धवट काम कधीच पडत नाही.

पहिला नंबर: हातातलं संपवा

म्हणून माझ्या क्रमात पहिला नंबर अर्धवट प्रकल्पांचा. नवा नारळ फोडायच्या आधी जुन्याचा गुलाल उधळा.

नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प घ्या. पूर्वीचा आंध्र, आता तेलंगणा, आणि महाराष्ट्र यांचा आंतरराज्य प्रकल्प. १९८० च्या दशकात सुरू झालेला. मी जन्मलो, शाळा झाली, बीटेक झालं, नोकरी लागली, आणि लेंडीचं काम चालूच. सगळ्यात मोठी अडचण पुनर्वसनाची. दरम्यान खर्च अनेक पटींनी वाढला. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि हसनाळसारख्या बुडीत क्षेत्रातल्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं. माणसं गेली, जनावरं गेली. म्हणजे ज्या धरणानं इतक्या वर्षांत शिवाराला ठरलेलं पाणी दिलं नाही, त्याच्या बुडीत क्षेत्रातली माणसं पाण्यात गेली. अर्धवट काम नुसतं निरुपयोगी नसतं, धोक्याचंही असतं. पुनर्वसनाचे पैसे शेवटी द्यायची रक्कम म्हणून बघितले की असं होतं. ते पहिल्या वर्षाच्या बजेटमध्ये पाहिजेत.

आता घोषणांकडे बघू. ४ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि ४९,२४८ कोटींचा कार्यक्रम जाहीर झाला. १६ सप्टेंबर २०२३ ला, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवानिमित्त, त्याच शहरात, आता छत्रपती संभाजीनगर, पुन्हा बैठक झाली आणि साधारण ५९ हजार कोटींची घोषणा झाली. सरकारं वेगळी होती, आकडे वाढले. त्या ५९ हजारांत सुमारे १४ हजार कोटी सिंचन प्रकल्पांच्या सुधारित प्रशासकीय मान्यतेचे होते. हा शब्द नीट समजून घ्या. सुधारित मान्यता म्हणजे तिजोरीतून निघालेला पैसा नव्हे. जुन्या कामाची किंमत वाढली, तर त्या वाढीव किमतीपर्यंत खर्च करायला दिलेली परवानगी. परवानगी गरजेची आहे, पण ती मिळाली म्हणून चारीला पाणी येत नाही. चारीला पाणी येतं ते दर वर्षी खरोखर वितरित झालेल्या निधीवर.

माझी मागणी सोपी आहे. ज्या प्रकल्पांचं बरंच काम झालंय, त्यांना पूर्ण पैसा एकदम द्या. दहा प्रकल्पांना थोडं थोडं देऊन दहाही अर्धवट ठेवण्यापेक्षा तीन पूर्ण करा. राहिलेल्या सातांचे लोक ओरडतील, बरोबर आहे. त्यांना तारीख द्या आणि ती पाळा. आज त्यांना तारीखही मिळत नाही आणि पाणीही.

दुसरा नंबर: जे आहे ते चालू ठेवा

सॉफ्टवेअरमध्ये नवीन फीचर बनवणाऱ्याचं कौतुक होतं. रात्री दोनला उठून सर्व्हर चालू ठेवणाऱ्याचं नाव कुणाला माहीत नसतं. कालव्यांचंही तसंच आहे. धरणाचं उद्घाटन होतं. गाळ काढायचं उद्घाटन होत नाही.

जायकवाडीचं उदाहरण घ्या. १९६५ मध्ये लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. एवढ्या लांब कालव्यात अस्तर फुटलं, झाडं उगवली, दरवाजे गंजले, की पाणी मधेच मुरतं आणि टेलच्या शेतकऱ्याला फक्त पाणीपट्टीची नोटीस येते. टेलच्या माणसाचा विश्वास उडाला की तो बोअर घेतो. तीनशे फूट, पाचशे फूट, आठशे फूट. हा खर्च कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाही, कारण तो शेतकऱ्याच्या कर्जात असतो.

मांजरा आणि तेरणेवरच्या बंधाऱ्यांचंही तेच. दरवाजे वेळेवर बसवले आणि वेळेवर काढले तर बंधारा, नाहीतर नुसती भिंत. गावातल्या नळ योजनांत टाकी बांधून होते, पाइप पुरून होतात, मग मोटार जळते किंवा वीजबिल थकतं, आणि बायका पुन्हा घागर घेऊन निघतात. जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झालं. २०२५ मध्ये त्यातल्या कामांची बिलं थकली म्हणून राज्यभर गुत्तेदारांची ओरड झाली. काम करणाऱ्याला पैसे नाहीत म्हटल्यावर काम तरी कसं टिकणार?

देखभालीला बजेटमध्ये वेगळा, हात न लावता येणारा रकाना हवा. धरण बांधलं तेव्हाच त्याच्या कालव्याच्या पुढच्या तीस वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च मांडायला हवा. यात उद्घाटनाचा फोटो मिळत नाही हे मला मान्य आहे. पण रुपयामागे सगळ्यात जास्त पाणी इथेच मिळतं.

जलयुक्त शिवारकडूनही हेच शिकण्यासारखं आहे. योजना २०१४ च्या शेवटी आली, गावोगावी कामं झाली. पण कॅगच्या अहवालानं २०२० मध्ये दाखवून दिलं की ९,६३३ कोटींहून जास्त खर्च होऊनही भूजल वाढायला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. नाला खोल केला, पाणी मुरलं, आणि मुरलेलं पाणी उपसायला शेजारी दोन नवे बोअर पडले. मग पातळी वाढणार कशी? हिवरे बाजारनं वेगळं केलं. आपल्या नगर जिल्ह्यातलं गाव, लातूरपेक्षा कितीतरी कमी पावसाचं. तिथे पाऊस संपला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही, हे गावानंच ठरवलं. मराठवाड्यातलं जालना जिल्ह्यातलं कडवंची बघा. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं गावानं पाणलोटाचं काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमानं पूर्ण केलं, पुढे शेततळी केली, आणि त्यावर द्राक्षबागा उभ्या राहिल्या. दोन्हीकडे क्रम पाळला गेला, हेच मला सारखं दिसतं.

तिसरा नंबर: सोयाबीनचा भाव हा पाण्याचाच खर्च आहे

आता उसाकडे येतो. पुण्यात बसून "मराठवाड्यात ऊस बंद करा" म्हणणं लई सोपं आहे. २०१९ मध्ये विभागीय आयुक्तालयाच्या अहवालातही तशी शिफारस आली होती. मी माझ्या मामांना विचारलं. रेणापूर तालुक्यात त्यांची सात एकर जमीन आहे, त्यातली तीन उसाखाली.

म्हटलं, "मामा, पाणी नाही म्हणता आणि ऊस लावता. असं का?"

मामा म्हणाले, "अरे बाळा, सोयाबीनचं पोतं मोंढ्यात नेलं की भाव आडत्या सांगतो. उसाचा भाव मला आधी माहीत असतो. गारपीट झाली तरी ऊस उभा राहतो. चोरीला जात नाही. मला सोयाबीनचा भाव आधी सांग, मी उद्या ऊस मोडतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण मामा हिशेबानंच बोलत होते. २०२५-२६ च्या हंगामात उसाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. ती देणं कारखान्यावर कायद्यानं बंधनकारक आहे, भले बिल उशिरा येवो. त्याच हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. आणि बाजारातला दर त्याच्या खाली. हमीभाव कागदावर आहे, पण सरकारी खरेदी केंद्र उशिरा उघडतं, ओलावा जास्त म्हणून माल परत पाठवतं, बारदाना संपतो. ज्याला दिवाळीआधी पैसे लागतात तो थांबू शकत नाही.

म्हणून मी म्हणतो की सोयाबीन, तूर, हरभऱ्याची वेळेवर खरेदी हा खर्च कृषी खात्याच्या रकान्यात दिसत असला, तरी प्रत्यक्षात तो पाणीपुरवठ्याचा खर्च आहे. कमी पाण्याच्या पिकाचा भाव पक्का झाला, तर शेतकरी स्वतःहून पाणी वाचवतो. त्याला पोलीस लागत नाही, बंदी लागत नाही. जो ऊस राहील तो ठिबकवर. ठिबकनं जवळपास निम्म्यापर्यंत पाणी वाचतं. २०१७ मध्ये उसाला ठिबक सक्तीची करायचा निर्णय झालाच होता. सक्तीपेक्षा अनुदान वेळेवर खात्यात पडणं जास्त कामाचं आहे. शेतकरी ठिबक आज विकत घेतो आणि अनुदान दीड-दोन वर्षांनी आलं, तर व्याजातच ते संपतं.

चौथा नंबर: माल इथेच पक्का करा

पाणी आणि भाव जागेवर आले की मग उद्योग. लातूरच्या डाळ मिल आणि तेल गिरण्या, तिथला सोयाबीनचा बाजार. नांदेडकडे हळद, अर्धापूरची केळी, कापूस. कापसाचं एक उदाहरण लक्षात ठेवा. १९८४ मध्ये नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं काढलेलं 'नांदेड-४४' हे संकरित वाण राज्याबाहेरही गेलं. त्याच शहरातली कापड गिरणी मात्र बंद पडली. वाण आमचं, कापूस आमचा, सूत आणि कापड दुसरीकडचं.

इथे मोठ्या कारखान्याच्या घोषणेपेक्षा गावाजवळचं गोदाम, ग्रेडिंग, वाळवण यंत्र, आणि गोदामाच्या पावतीवर मिळणारं कर्ज यांना आधी पैसा द्यावा असं माझं मत आहे. गोदाम असेल तर मामांना दिवाळीआधी पडेल भावात विकावं लागत नाही. आणि गोदाम बांधायला तीस वर्षं लागत नाहीत.

मोठे प्रकल्प नकोत असं नाही. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी मार्च २०१८ मध्ये झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. मनात आणलं तर पावणेतीन वर्षांत होतं! उलट अहिल्यानगर-बीड-परळी ही २६१ किलोमीटरची रेल्वे १९९५ ला मंजूर झाली आणि बीडला गाडी पोचली १७ सप्टेंबर २०२५ ला. तीस वर्षं. दोन्ही मराठवाड्यातच घडलं. म्हणजे नशीब, माती, हवामान यांचा दोष नाही. एका कामामागे पैसा सलग आला, दुसऱ्यामागे थेंबाथेंबानं.

"पण आमच्या वाट्याचं काय?"

यावर नेहमीचा आक्षेप येतो. "तुम्ही क्रम सांगताय, पण मुळात मराठवाड्याला हक्काचा वाटाच मिळत नाही." बरोबर आहे. कृष्णा खोऱ्यातल्या २३.६६ टीएमसी पाण्याचा विषय किती वर्षं चाललाय ते आपण बघतोय. अकरा धरणं पाइपनं जोडायच्या वॉटर ग्रिडचा आराखडा इस्रायलच्या मेकोरोट कंपनीनं केला, पुढे सरकारं बदलली, तो आजही चर्चेतच जास्त आहे. वाटा मागितलाच पाहिजे, विकास मंडळंही परत मागितली पाहिजेत.

पण बाहेरचं पाणी गळक्या माठात ओतून काय उपयोग? उजनीचं पाणी लातूरला आलं आणि शहरातली गळती तशीच राहिली, उपशावर मोजमाप नसलं, तर पाच वर्षांनी आपण आणखी लांबच्या धरणाकडे बोट दाखवू. २०२५-२६ चं राज्याचं बजेट ७ लाख कोटींचं होतं आणि त्यातला मोठा हिस्सा पगार, निवृत्तिवेतन, व्याज यांतच जातो. उरलेल्यात भांडण आहे. त्या भांडणात "एवढे द्या, अमुक तारखेला हे काम संपतं" असं सांगणाऱ्याची बाजू "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच सांगणाऱ्यापेक्षा मजबूत असते. आणि २०२५ च्या पावसाळ्यानं दाखवलंच की हा प्रदेश एका वर्षी कोरडा असतो आणि दुसऱ्या वर्षी वाहून जातो. त्या ऑक्टोबरमध्ये राज्याला अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. मदत द्यायलाच हवी होती. पण ती पुन्हा संकटानंतरचीच.

क्रम चुकल्याची किंमत माणसं मोजतात. मुखेड, कंधार, लोह्याकडून मजूर बाहेर जातात, ऊसतोडीला जातात, हैदराबादला जातात. लेकरांची शाळा मधेच सुटते. लातूर पॅटर्ननं घडवलेली मुलंही जातात, फक्त त्यांच्या हातात डिग्री असते. माझ्या बॅचमधले बहुतेक जण पुण्यात नाहीतर हैदराबादेत आहेत. हौसेनं गेलेले थोडे, इथे काम नाही म्हणून गेलेले जास्त.

आता तुम्ही काय करायचं?

ऐकून सोडून देऊ नका. राज्य सरकारची 'बीम्स' नावाची वेबसाइट आहे. कोणत्या खात्याला किती तरतूद झाली, किती निधी वितरित झाला, किती खर्च पडला, हे तिथे बघता येतं. तरतूद आणि वितरण यांतला फरक आधी बघा, बातमीतल्या आकड्यावर नंतर विश्वास ठेवा. खर्च मार्चमध्येच का उसळी मारतो, तेही बघा.

दुसरं, जिल्हा नियोजन समिती. नांदेडची असो की लातूरची, पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात आणि जिल्ह्याची वार्षिक योजना तिथे ठरते. तुमच्या भागाचे सदस्य कोण आहेत ते शोधा. त्यांना तीन प्रश्न विचारा. आपल्या तालुक्यात सुरू होऊन अडकलेली कामं किती? त्यातलं कोणतं एक काम यंदाच्या पैशात संपतं? आणि मागच्या पाच वर्षांत पूर्ण झालेल्या कामांच्या देखभालीला यंदा किती ठेवलेत?

तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक वेळा शांतता पसरते. तुम्ही मात्र गप्प बसू नका, उत्तर लेखी मागा. ग्रामसभेत विचारत असाल तर इतिवृत्तात नोंद करून घ्या. आणि ज्या आमदार-खासदारांनी तुमच्या तालुक्यातलं एक जुनं काम पूर्ण करून दाखवलं, त्यांचं चारचौघांत कौतुक करा. नव्या भूमिपूजनाला आपण हार घेऊन जातो ना, मग चारीच्या शेवटच्या टोकाला पाणी आलं त्या दिवशीही हार घेऊन जाऊ. पुढाऱ्याला कळलं पाहिजे की मतं इथेही आहेत.

पुढच्या भागात बीम्सवरचे आकडे कसे वाचायचे, ते पायरी-पायरीनं बघू. तोवर तुमच्या तालुक्यातल्या अडकलेल्या एका कामाचं नाव शोधून ठेवा. भेटू. नमस्कार.